सहाशे वर्षांचा चौक, चाळीस वर्षांची घरं

फ्रँकफर्टला उतरलेला मराठी माणूस दोन दिवसांच्या आत घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकतोच. टोकदार छपरांची, लाकडी पट्ट्यापट्ट्यांची उभट घरं खांद्याला खांदा लावून उभी, समोर फरसबंदी चौक, चौकात कारंजं आणि त्यावर हातात तराजू घेतलेली बाई. आमच्या भाच्यानेही टाकला. खाली ओळ होती, ‘मध्ययुगीन जर्मनी! सहाशे वर्षांची घरं!!’ सगळ्यांनी हृदयं आणि अंगठे पाठवले. एकट्या आत्याने विचारलं, ‘‘इतकी वर्षं लाकडाला वाळवी कशी नाही रे लागली?’’

आत्याचं लहानपण वाईच्या वाड्यात गेलेलं. खांबावर बोटाने टकटक करून तो आतून पोकळ झालाय का, हे ओळखणाऱ्या पिढीची ती. तिची शंका रास्त होती. उत्तर असं, की वाळवीला अजून वेळच मिळालेला नाही. फोटोतली ती सहा घरं १९८१ ते १९८४ या काळात बांधलेली आहेत. भाच्याची आई त्यांच्याहून वयाने मोठी आहे.

म्हणजे सगळाच देखावा? तसंही नाही. चौक खराखुरा जुना आहे. घरं नवी, चौक जुना आणि तरी चौकाचं रूप जुनंच, हे त्रांगडं कसं झालं ते नीट पाहण्यासारखं आहे.

चौक कशामुळे मोठा झाला

चौकाचं नाव रोमरबेर्ग. ‘बेर्ग’ म्हणजे डोंगर; इथे मात्र जेमतेम उंचवटा आहे, खाली हाकेच्या अंतरावर माइन नदी. ‘रोमर’ म्हणजे रोमन, आणि हे एका घराचं नाव आहे. घरांना नंबर देण्याची पद्धत यायच्या आधी तिथे घरं नावाने ओळखली जात, आपल्याकडे वाडे ओळखले जातात तशी. फरक एवढाच की आपले वाडे मालकाच्या आडनावाने, आणि त्यांची घरं सोनेरी गरुडसिंह, मोठा देवदूत, रानटी माणूस, काळा तारा अशा नावांनी.

१४०५ साली नगरसभेला नवी कचेरी हवी होती. तिने एका व्यापारी घराण्याकडून ‘रोमर’ आणि त्याला लागून असलेलं ‘सोनेरी हंस’ अशी दोन घरं विकत घेतली. तेव्हापासून आजपर्यंत शहराचा कारभार तिथूनच चालतो. पुढे शेजारची घरंही घेत घेत ती कचेरी पसरली. पण नाव राहिलं ते ‘रोमर’च, आणि समोरचा चौक झाला रोमरबेर्ग.

व्यापारी कुठून आले? फ्रँकफर्टच्या जत्रेतून. १२४० साली सम्राट दुसरा फ्रीडरिश याने या जत्रेला येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांना संरक्षण दिलं. वाटेत लूट होणार नाही ही हमी मिळाली की व्यापारी येतात, व्यापारी आले की पैसा येतो, पैसा आला की राजेही येतात. १३५६ च्या एका शाही फर्मानाने जर्मन राजाची निवड फ्रँकफर्टला करायची असं ठरलं. १५६२ पासून राज्याभिषेकही बहुतेक इथेच होऊ लागले. १७९२ पर्यंत असे दहा झाले.

राज्याभिषेक कॅथेड्रलमध्ये आणि जेवणावळ रोमरच्या दिवाणखान्यात. मधला दोन-तीनशे मीटरचा रस्ता राजा पायी चालत यायचा. पंक्तीत बसायचा मान सरदारांना, पण चौकात साऱ्या गावाला वाटा होता. १७६४ साली दुसऱ्या योसेफचा अभिषेक झाला तेव्हा गर्दीत चौदा वर्षांचा एक मुलगा होता, पुढे जर्मनीचा महाकवी झालेला योहान वोल्फगांग ग्योटे. म्हातारपणी आत्मचरित्रात त्याने तो दिवस तपशिलाने लिहून ठेवला आहे. कारंज्यावरच्या दुतोंडी गरुडाच्या एका चोचीतून पांढरी आणि दुसरीतून लाल वाइन वाहत होती. मोकळ्यावर ओटचा ढीग रचला होता; एक मानकरी घोड्यावरून त्यात शिरला, चांदीचं माप भरून परतला आणि उरलेल्या धान्यावर लोक तुटून पडले. लाकडी खोपटात अख्खा बैल भाजला जात होता. नाणी उधळली जात होती. राजाच्या पायाखालचं कापडसुद्धा लोकांनी फाडून घरी नेलं. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात सुपारी-खोबऱ्यावरून लहान मुलांची झोंबाझोंबी होते ना, तीच, फक्त साम्राज्याच्या मापाची.

लाकडाची घरं म्हणजे नक्की कसली

एक शब्द इथे समजून घेऊ: फाखवेर्क. जाड लाकडी तुळयांचा सांगाडा उभा करायचा, खाचा पाडून एकमेकांत अडकवायचा आणि मधल्या चौकटी काटक्या-मातीने किंवा विटांनी बुजवायच्या. कोकणातला कुड ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. कारवीच्या काठ्या, त्यावर माती-शेणाचा लेप. भार लाकडावर, भिंत नुसती आडोशाला. जर्मनीतला सांगाडा ओकच्या लाकडाचा, जास्त वजनदार आणि चार-चार मजले चढणारा, एवढाच फरक.

वरचा मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढायचा ही तिथली खुबी. खाली जागा चिंचोळी, पण वर हवेत जागा फुकट. प्रत्येक मजला वीतभर पुढे सरकला की गल्लीच्या वर समोरासमोरच्या खिडक्या जवळजवळ भिडायच्या. दिसायला गोजिरवाणं, राहायला अंधारं आणि कोंदट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँकफर्टचं हे जुनं गावठाण गरिबांची वस्ती झालं होतं. आज ज्याला आपण परीकथेतला चौक म्हणतो, त्याच्या मागच्या गल्ल्यांतून ऐपतदार माणूस केव्हाच बाहेर पडला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुन्हा बांधताना अंधार आणि दुर्गंधी कुणीच परत आणत नाही.

२२ मार्च १९४४

लाकडाची हजारावर घरं दाटीने उभी असतील तर आग किती वेळ घेते? १८ आणि २२ मार्च १९४४ च्या हवाई हल्ल्यांनी त्याचं उत्तर दिलं. आधी स्फोटक बॉम्बने छपरं आणि खिडक्या उडवायच्या, मग उघड्या पडलेल्या लाकडावर आग लावणारे बॉम्ब टाकायचे, अशी ती पद्धत होती. २२ मार्च हा ग्योटेचा स्मृतिदिन. त्याचं जन्मघरही त्याच दिवशी गेलं.

गावठाणातल्या घरांची तळघरं युद्धाच्या सुरुवातीलाच मधल्या भिंती फोडून एकमेकांना जोडलेली होती. त्या भुयारी वाटेने शेकडो माणसं चौकातल्या कारंज्यापाशी बाहेर आली आणि नदीकडे पळाली. चौकाच्या नदीकडच्या कोपऱ्यावर ‘वेर्टहाइम’ नावाचं एक घर आहे, साधारण १६०० सालचं. माणसांना नदीपर्यंत जाता यावं म्हणून अग्निशमन दलाने त्या तोंडावर पाण्याचा पडदा धरला होता. माणसं वाचली, आणि त्यांच्याबरोबर ते घरही वाचलं. आत्याला दाखवण्यासारखं अस्सल लाकूड तेच. भाच्याच्या फोटोत ते नव्हतं, त्याची पाठ तिकडे होती.

कारंज्यापाशी उभं राहून एक गिरकी घ्या

पुढची कित्येक दशकं शहर एकाच प्रश्नाशी झगडत होतं: जे गेलं त्या जागी काय उभं करायचं? गंमत अशी, की रोमरबेर्गवर या प्रश्नाची एक सोडून तीन-चार उत्तरं समोरासमोर उभी आहेत.

पश्चिमेला रोमर. पायऱ्यापायऱ्यांच्या तीन उंच त्रिकोणी भिंती, शहराची ओळख असलेलं चित्र. आतलं बहुतेक सगळं जळालं, बाहेरच्या भिंती राहिल्या. त्या भिंतींच्या आत नवी इमारत भरून १९५५ मध्ये रोमर पुन्हा उघडला. पण मूळ भिंत म्हणजे १४०५ ची का? नाही. तो सज्जा, ते सम्राटांचे पुतळे, ती नक्षी हे सारं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चढवलेलं आहे. त्या काळच्या लोकांना आपली मध्ययुगीन कचेरी पुरेशी मध्ययुगीन वाटेना, म्हणून त्यांनी ती जास्त मध्ययुगीन केली! त्याच सज्जातून आता फुटबॉलचे चषक जिंकलेले खेळाडू हात हलवतात.

रोमरकडे तोंड केलं तर उजव्या हाताला ‘मिठाचं घर’. युद्धाआधी त्याची पुढची भिंत वरपासून खालपर्यंत कोरीव लाकडाची होती. काही कोरीव फळ्या आधीच काढून सुरक्षित ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. दगडी तळमजलाही वाचला. १९५० च्या दशकात त्यावर साधी, सपाट, त्या काळची भिंत चढवली, वाचलेल्या फळ्या तिच्यात बसवल्या आणि राखेतून उठणाऱ्या फिनिक्स पक्ष्याचं मोझेक लावलं. पर्यटक याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मला विचाराल तर चौकातली सगळ्यात प्रामाणिक भिंत हीच. जुनं मंगळसूत्र तुटलं, मणी हरवले, पण वाट्या सापडल्या तर त्या नव्या पोतीत ओवून घालतात. पोत नवी आहे हे कुणी लपवत नाही.

दक्षिणेला जुनं निकोलाय चर्च, दगडी, युद्धातून बऱ्यापैकी वाचलेलं. मधे न्यायदेवतेचं कारंजं. देवतेच्या डोळ्यांवर पट्टी नाही. ती थेट नगरसभेकडे बघते. मूळ दगडी मूर्ती १६११ ची, ती झिजली म्हणून १८८७ मध्ये तिच्या जागी काशाची बसवली. म्हणजे ही बाईसुद्धा नक्कलच. तिच्याबद्दल कधी कुणी भांडलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

आणि पूर्वेला ती फोटोतली ओळ, जर्मनीत जिला ओस्टत्साइले म्हणतात. पूर्वेची ओळ, बस.

तीस-पस्तीस वर्षं रिकामी जागा, मग अचानक घरं कशी उगवली?

युद्धानंतर ही बाजू मोकळीच होती. तिच्यामागे उत्खनन झालं, रोमन स्नानगृहाचे आणि नवव्या शतकातल्या राजवाड्याचे पाये सापडले. खालून भुयारी रेल्वे गेली. १९७४ पर्यंत शेजारी नगरपालिकेची तांत्रिक खाती बसवण्यासाठी काँक्रीटची अवाढव्य इमारत उभी राहिली. तोपर्यंत शहराची प्रतिमाही बिघडली होती. बँकांचे मनोरे चढत होते, जुनी घरं पाडण्यावरून रस्त्यावर मारामाऱ्या होत होत्या. लोक फ्रँकफर्टला ‘क्रँकफर्ट’ म्हणू लागले. ‘क्रांक’ म्हणजे आजारी.

१९७७ मध्ये महापौर झालेल्या वाल्टर वालमान यांनी हे हेरलं. शहराला चेहरा हवा, आणि चेहरा म्हणजे चौक. जुने फोटो आणि रेखाटनं हाताशी घेऊन पूर्वेच्या ओळीतली सहा घरं आणि चर्चजवळचं ‘काळा तारा’ पुन्हा बांधली गेली. बाहेरून फाखवेर्क, आतून आधुनिक. युद्धाआधी यातल्या काही घरांचं लाकूड गिलाव्याखाली किंवा पाटीच्या दगडाच्या कवचाखाली झाकलेलं असे. नव्याने बांधताना ते उघडं ठेवलं, कारण लोकांना लाकूडच बघायचं होतं. झालं असं, की नक्कल अस्सलपेक्षा जास्त जुनी दिसू लागली.

याच मोहिमेत मागच्या झालगासे नावाच्या गल्लीत वास्तुरचनाकारांना मोकळीक दिली गेली. जुन्या चिंचोळ्या प्लॉटांवर त्यांनी खांब, त्रिकोण, रंग यांचे खेळ करत अगदी नव्या ढंगाची घरं उभारली. दोन्ही एकाच काळातली. एक ओळ पोस्टकार्डावर गेली, दुसरी फारशी कुणाला माहीत नाही.

‘मग हे खोटंच की!’

जतनाच्या क्षेत्रातले लोक असंच म्हणतात, आणि त्यांची बाजू कच्ची नाही. १९०० च्या सुमारास हायडेलबेर्गचा पडका किल्ला पुन्हा बांधायचा घाट घातला गेला, तेव्हा गेओर्ग डेहिओ या कला-इतिहासकाराने कडाडून विरोध केला. त्याचं सूत्र सोपं होतं: आहे ते सांभाळा, नाही ते घडवू नका. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तू जपण्याच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या मसुद्यातही, तोच सूर आहे. दुरुस्तीत नवा भाग घातला तर तो नवा म्हणून ओळखू आला पाहिजे, आणि उत्खननात सापडलेल्या अवशेषांवर अंदाजाने इमारत रचायची नाही.

का? तर जुनी वस्तू हा पुरावा असतो. तुळईवरचे कुऱ्हाडीचे घाव, चुन्याचे थर, बदललेली खिडकी हे सगळं वाचता येतं. आजीच्या पाटल्या मोडून त्याच नक्षीच्या नव्या घडवल्या तर सोनं तेच, नक्षी तीच. पण आजीच्या मनगटाने झिजलेली कड गेली ती गेली. इथे तर सोनंसुद्धा नवीन आहे.

‘आपण देवळांचा जीर्णोद्धार करतोच ना?’

हा आत्याचा दुसरा प्रश्न, आणि तो पहिल्याइतकाच चांगला. अहिल्याबाई होळकरांनी वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला. त्याला कुणी नकली देऊळ म्हणत नाही. जपानातलं इसे इथलं देवस्थान तर दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. लाकूड नवीन असतं, पण बांधायची विद्या तीच, हातातून हातात आलेली. १९९४ मध्ये जपानच्याच नारा शहरात जगभरच्या तज्ज्ञांनी मान्य केलं, की अस्सलपणा फक्त दगड-लाकडात मोजता येत नाही. संस्कृतीप्रमाणे त्याचं माप बदलतं.

पण ही पळवाट फ्रँकफर्टला सहज मिळत नाही. देवळात देव असतो, पूजा अखंड चालू असते, भिंती म्हणजे त्याचं वस्त्र. पूर्वेच्या ओळीत काही अखंड चालू नव्हतं. मधे तीन-चार दशकांची रिकामी जागा होती. त्यापेक्षा वॉर्सा जवळचं उदाहरण. नाझींनी ठरवून उद्ध्वस्त केलेलं ते गावठाण पोलंडने पुन्हा उभारलं, आणि १९८० मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, पुनर्बांधणीचाच नमुना म्हणून. फक्त वॉर्सा ज्यांनी पाडलं, फ्रँकफर्ट त्यांचंच शहर. आणि खरी अडचण तिथेच सुरू होते.

‘घरं बांधण्यात राजकारण कसलं आलंय?’

१० मे १९३३ च्या संध्याकाळी याच चौकात पुस्तकं जाळली गेली. विद्यार्थ्यांनी, प्राध्यापकांच्या साक्षीने. पुस्तकांनी भरलेली गाडी बैल ओढत होते. आज फरसबंदीत त्या जागी एक गोल काशाची तबकडी आहे, २००१ मध्ये बसवलेली. फोटो काढणारे बहुतेक तिच्यावरच उभे असतात.

अकरा वर्षांनी तोच चौक जळाला. ग्योटेचं घर पुन्हा बांधायचं ठरलं तेव्हा, १९४७ मध्ये, वाल्टर डिर्क्स या पत्रकाराने विरोध केला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे घर काही विजेने किंवा चुलीच्या ठिणगीने जळालेलं नाही. या देशाने जे केलं त्याच्या ओघात ते गेलं. तो निरोप स्वीकारण्याची हिंमत दाखवा. लोकांनी त्याचं ऐकलं नाही; घर १९५१ पर्यंत उभं राहिलं आणि आज ते न पाहता कुणी परत जात नाही.

हाच वाद २०१८ मध्ये पुन्हा पेटला. तांत्रिक खात्यांची ती काँक्रीटची इमारत पाडून चौक आणि कॅथेड्रल यांच्यामध्ये ‘नवं गावठाण’ बांधलं गेलं: ३५ घरं, त्यातली १५ जुन्यांच्या बरहुकूम, बाकीची जुन्या मापात बसवलेली नवी. खर्च सुमारे २० कोटी युरो. ‘सोनेरी तराजू’ हे हॅमेल नावाच्या डच मसालेवाल्याने १६१९ मध्ये बांधलेलं घर गच्चीवरच्या बागेसकट परत आलं. काही घरांत इकडेतिकडे जपून ठेवलेले मूळ दगड आणि कोरीव तुकडे बसवले आहेत. आणि या साऱ्या मध्ययुगाच्या खाली आहे गाड्यांचा तळ आणि भुयारी रेल्वेचं स्टेशन.

स्टुटगार्टचे वास्तुसिद्धांताचे प्राध्यापक श्टेफान ट्र्यूबी यांनी तेव्हा लिहिलं, की या प्रकल्पाची मूळ मागणी उजव्या विचारांच्या वर्तुळातून आली होती, आणि अशी गोंडस घरं १९३३ ते १९४५ चा नाझी काळ चित्रातून पुसून टाकतात. गदारोळ झाला. समर्थक म्हणाले, मागणी कुणी का केली असेना, सभागृहात मंजूर केली ती मुख्य प्रवाहातल्या पक्षांनी. आणि काँक्रीटचा ठोकळा नको वाटणारा प्रत्येक माणूस उजवा नसतो. मला दोघांचंही थोडं पटतं. ती तबकडी जागेवर आहे तोवर चौक काही लपवत नाही. फक्त ती तबकडी पायाखाली आहे आणि घरं डोळ्यांसमोर.

मग जुनं काय ते बघायचंय कुठे?

चौकाच्या दक्षिणेला इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथे ट्रॉयनर बंधूंनी केलेली जुन्या गावठाणाची प्रतिकृती ठेवली आहे, एकास दोनशे या प्रमाणात. १९२० च्या दशकात त्यांनी कामाला सुरुवात केली, तेव्हा ही घरं शेजारीच उभी होती. घरं गेली आणि प्रतिकृती उरली. छपरं, कौलं, परसातल्या पडव्यासुद्धा तिच्यात आहेत.

भाच्याला हे सगळं लिहून पाठवलं. त्याने गुमान खालची ओळ खोडली आणि पुढच्या रविवारी ‘वेर्टहाइम’चा फोटो टाकला, मुद्दाम जवळून, तुळईच्या भेगा दिसतील असा. आत्याने तो मोठा करून करून पाहिला. मग लिहिलं, ‘‘हे खरं. आणि ती नवी घरं चाळीस वर्षांची झाली म्हणतोस ना? मग आता लागेल हो वाळवी. त्यांना म्हणावं, तळाच्या पट्ट्या तपासून घ्या.’’